उभं राहायची जागा

मुंबईचा फोटो काढायला कॅमेरा लागतो, पण त्याच्याही आधी उभं राहायला जागा लागते. या शहरात राहायला जागा मिळत नाही हे जगजाहीर आहे. दहा सेकंद स्वस्थ उभं राहायलाही मिळत नाही, हे तिपाई खांद्यावर टाकून फिरणाऱ्यांनाच ठाऊक. हातात मोबाइल धरून कुणी कितीही वेळ फोटो काढावेत, कुणाचं काही जात नाही. तिपाईचे तीन पाय फुटपाथला टेकले की मात्र कुठून तरी एक गणवेश प्रकट होतो. "साहेब, स्टँड नाही चालणार." का नाही? तर स्टँड म्हणजे शूटिंग, आणि शूटिंग म्हटलं की परमिशन. या तर्काला उत्तर नाही आणि शहाणी माणसं ते शोधतही बसत नाहीत. ती पिशवीतून तांदूळ भरलेली एक कापडी पुरचुंडी काढतात, कठड्यावर ठेवतात, तिच्यात कॅमेरा रुतवतात आणि गणवेशाची पाठ वळते तेवढ्यात काम उरकतात.

काम तसं थोड्या वेळाचंच असतं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरच्या चौकाचं उदाहरण घ्या. सूर्य मावळल्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं आकाश गडद निळं असतं, इमारतीवरचे दिवे लागलेले असतात आणि दोन्हींचा उजेड जवळपास समसमान असतो. त्याआधी दिवे फिके पडतात, त्यानंतर आकाश काळं होतं. त्या मधल्या वेळात शटर आठ-दहा सेकंद उघडं ठेवलं की चौकातून वळणाऱ्या बेस्टच्या बसचे दिवे लाल-पिवळ्या रेघा होऊन उमटतात. बस स्वतः दिसत नाही. रस्ता ओलांडणारी माणसंही दिसत नाहीत. चालणारा माणूस फोटोत पुसला जातो, सिग्नलला थांबलेला तेवढा उरतो. रोज लाखो लोक ज्या दारातून आत-बाहेर करतात ते स्थानक कॅलेंडरवर ओस पडलेल्या राजवाड्यासारखं दिसतं ते यामुळे. फोटो देखणा असतो, यात वाद नाही. पण संध्याकाळी सातला सीएसएमटी रिकामं, ही मुंबईबद्दलची सर्वात मोठी थाप आहे आणि ती दर वर्षी हजारो वेळा छापली जाते.

या चौकाची एक गंमत अशी की समोरासमोरच्या दोन्ही इमारती एकाच वास्तुशिल्पकाराच्या आहेत. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी स्थानकाचं काम १८७८ मध्ये सुरू केलं. ते पुरं व्हायला दहा वर्षं लागली. मग रस्त्यापलीकडे महापालिकेची इमारत उभी केली, ती १८९३ मध्ये तयार झाली. स्थानकाचा पूर्ण दर्शनी भाग एका चौकटीत हवा असेल तर पालिकेच्या पायथ्याशी जावं लागतं, आणि पालिकेचा मनोरा हवा असेल तर स्थानकाच्या बाजूला. स्टीव्हन्सने हे फोटोवाल्यांसाठी केलं नाही, उघडच आहे. पण प्रत्येक इमारतीसमोर तिच्याकडे बघायची जागा असावी हा विचार तेव्हाच्या शहर वसवणाऱ्यांच्या डोक्यात होता. पालिकेने अलीकडे आपल्या मुख्यालयाबाहेर बघ्यांसाठी खास जागा करून दिली, तीही याच हिशेबाने.

हा विचार आला कुठून, ते कळायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं. १८६० च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, फोर्टच्या भोवतालची तटबंदी पाडली गेली. तटाबाहेरचं मोकळं मैदान शहराला मिळालं आणि त्याच्या कडेने एका रांगेत सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय अशा गॉथिक इमारती उठल्या. त्या सगळ्यांचं तोंड पश्चिमेला. समोर मैदान, मैदानापुढे रेल्वेचे रूळ आणि रुळांपुढे थेट समुद्र. बॅकबेच्या पाण्यातून शहराकडे पाहिलं की हीच ओळ दिसायची, मध्ये राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले, मनोऱ्याला आईचं नाव दिलं, आराखडा लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केला आणि १८७८ मध्ये मनोरा पुरा झाला. उंची २८० फूट, म्हणजे ८५ मीटर. मुंबईला आकाशरेषा म्हणावी अशी पहिली गोष्ट मिळाली ती ही.

कॅमेरा तर त्याच्याही आधी आला होता. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ मध्ये स्थापन झाली. तिच्या सभासदांत एतद्देशीय मंडळी होती, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्यातले एक. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईत व्यवसायाने छायाचित्रकार झाले. त्या काळात काचेला रसायन लावायचं, ते ओलं असेपर्यंत फोटो घ्यायचा आणि ओलं असतानाच धुवायचा. एकूण हाताशी दहा-पंधरा मिनिटं. म्हणजे जिथे फोटो तिथेच अंधारखोली. तंबू, बाटल्या, काचा, पाणी आणि हे सगळं वाहणारे हमाल, असा लवाजमा घेऊन माणूस रस्त्यावर उतरायचा आणि त्याला 'इथे उभं राहू नका' म्हणायची कुणाची छाती नव्हती. काच मंद, उजेड टिपायला वेळ घ्यायची, त्यामुळे रस्त्यावरची वर्दळ तेव्हाही पुसली जायची. जुन्या मुंबईच्या फोटोंत रस्ते रिकामे दिसतात ते पाहून 'काय शांत शहर होतं हो तेव्हा' असा उसासा टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

राजाबाई टॉवर तयार झाला तशी फोटोवाल्यांना आणखी एक गोष्ट मिळाली: उंची. मनोऱ्यावरून खाली पाहून घेतलेली जुन्या मुंबईची दृश्यं आजही संग्रहांत भेटतात. कौलारू छपरं, शिडं उतरवलेली गलबतं, नारळाच्या झावळ्या आणि क्षितिजापर्यंत मनोऱ्याच्या तोडीचं काहीही नाही. आज सर्वसामान्यांना मनोऱ्यावर जाता येत नाही. गेलं तरी पश्चिमेला समुद्राआधी दिसतील त्या इमारतींच्या गच्च्या. १९३० नंतर बॅकबेमध्ये भर घालून काढलेल्या जमिनीवर ओव्हलच्या पश्चिम कडेला आणि मरीन ड्राइव्हवर आर्ट डेको घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. गोलाई दिलेले सज्जे, उगवत्या सूर्याच्या किरणांची नक्षी, फिकट रंग. त्या दिसायला सुरेख आहेत, पण त्यांनी गॉथिक रांगेचा समुद्र झाकला. मुंबईचा दुसरा चेहरा पहिल्या चेहऱ्यासमोर येऊन उभा राहिला. तिसऱ्या चेहऱ्याबद्दल पुढे येईलच.

दोन्ही चेहरे एकत्र दिसायची एकच उदार जागा उरली आहे, ती म्हणजे ओव्हल मैदान. तिथे मधोमध उभं राहावं. पूर्वेला एकोणिसावं शतक, पश्चिमेला विसावं, आणि आजूबाजूला एकमेकांच्या सीमारेषा ओलांडत चाललेले क्रिकेटचे अनेक सामने. युनेस्कोने २०१८ मध्ये या परिसरातल्या ९४ इमारतींना जागतिक वारशात घेतलं. फोटो काढताना 'बॉल!' अशी आरोळी आली तर वारसा सोडून डोकं सांभाळावं लागतं.

इमारती सोडून इमारतींवरच्या एकाच वस्तूच्या मागे लागलेले लोकही आहेत. चिरोदीप चौधरी या छायाचित्रकाराने वर्षानुवर्षं मुंबईतल्या सार्वजनिक घड्याळांचे फोटो काढले. मनोरे, गिरण्या, अग्याऱ्या, बाजार, चर्च. चालू, बंद पडलेली, काटे गळालेली. अशा कामाला आकाशरेषा लागत नाही, मान वर करायची सवय लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते क्षितिजावरचे शंभर फोटो शहराबद्दल जेवढं सांगतात त्याहून असं एखादं हट्टी काम जास्त सांगून जातं.

गेटवे ऑफ इंडियाजवळ उभं राहायच्या जागेचा प्रश्न निराळ्या तऱ्हेने सुटला आहे. तिथे उभं कुठे राहायचं ते तुम्ही ठरवत नाही, तुम्हाला सांगितलं जातं. गळ्यात कॅमेरा आणि ओळखपत्र, खांद्याला छोटा प्रिंटर असलेली पिशवी, हातात नमुन्याच्या फोटोंचा गठ्ठा. दुमडून दुमडून त्याचे कोपरे मऊ पडलेले. सीएसएमटीला गाडीतून उतरून थेट इथे आलेलं कुटुंब हा फोटोवाला दुरून ओळखतो. "ताई, एक पाऊल मागे. दादा, चष्मा काढा. बाळाला वर घ्या." आणि मग ती प्रसिद्ध पोझ: हात आडवा, बोटांची चिमूट, आणि चिमटीत बरोबर ताज हॉटेलच्या घुमटाचं टोक. ते टोक बोटांत नेमकं बसवायला डोळ्याला सवय लागते. फोटोवाला गुडघ्यात वाकतो, अर्धं पाऊल डावीकडे सरकतो, 'हलू नका' म्हणतो. मिनिटाभरात प्रिंट हातात. ओली असल्यासारखी ती हलवून वाळवायची सवय अजून गेलेली नाही, खरं तर आता त्याची गरज नसते.

या धंद्याने छायाचित्रणाची सगळी युगं पाहिली. रोल असताना फोटो काढून पत्ता लिहून घ्यायचा आणि प्रिंट टपालाने गावी पाठवायची, अशी पद्धत होती. अनोळखी माणसाला आगाऊ पैसे देऊन लातूरला किंवा गोरखपूरला फोटोची वाट बघत बसायचं, यात किती विश्वास होता याचा विचार करावा. मग पोलरॉइड आला, मग डिजिटल, आणि मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल. तरी हे लोक टिकून आहेत, कारण मोबाइल प्रत्येकाकडे असला तरी सगळ्यांना एकत्र घेऊन फोटो काढणारा तिसरा माणूस प्रत्येकाकडे नसतो. आणि कागदावरचा फोटो गावच्या भिंतीला लागतो. गावोगावच्या भिंतींवर मुंबईचा जो चेहरा गेला आहे तो नावाजलेल्या छायाचित्रकारांनी नाही, या माणसांनी पोचवला आहे.

गेटवेची गोष्ट पहिल्यापासूनच देखाव्याची. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी डिसेंबर १९११ मध्ये इथे उतरले तेव्हा दगडी कमान नव्हतीच, स्वागताचा तात्पुरता मंडप होता. जॉर्ज विटेट यांची कमान त्यांच्या आगमनाच्या स्मरणार्थ म्हणून बांधली गेली आणि उघडली ती १९२४ मध्ये. त्याआधी वीसेक वर्षं, १९०३ पासून, ताज तिथे उभं होतं. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिशांची शेवटची पलटण याच कमानीतून बाहेर पडली. आलेल्यांसाठी बांधलेल्या दाराचा जाण्यासाठीच जास्त गाजलेला उपयोग झाला. फोटोच्या दृष्टीने सांगायचं तर कमान आणि ताज दोन्ही एका चौकटीत, नीट अंतरावर हवे असतील तर जमिनीवर ती जागा नाही. एलिफंटा किंवा मांडव्याच्या लाँचमध्ये बसावं, सकाळची वेळ साधावी. कमानीचं तोंड समुद्राकडे असल्याने उगवतीचं ऊन तिच्यावर थेट येतं. लाँच सुटल्यावर पहिली काही मिनिटं सोन्याची. मग डिझेलचा धूर, सीगलना कुरमुरे टाकणारे सहप्रवासी आणि हिंदकळणारं क्षितिज. बंदराच्या त्याच बाजूला नौदलाची गोदी आहे, तिकडे कॅमेरा वळवायचा नाही.

खरं तर मुंबईची सगळी पूर्व बाजूच फोटोंतून गायब आहे. नौदल, गोदी, बंदराची जमीन, तेलाच्या टाक्या, तुर्भ्याचं अणुसंशोधन केंद्र. कुंपण आणि पाट्या यांनी ती कधी दिसू दिली नाही. अपवाद शिवडीचा. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिथल्या चिखलावर रोहित पक्षी उतरतात, तेव्हा लांबलचक लेन्सवाले जेट्टीवर ओहोटीची वाट पाहत बसतात. गुलाबी पक्ष्यांमागे चिमण्या आणि टाक्या, आणि जानेवारी २०२४ पासून अटल सेतू. पक्षीवाल्यांना मागची लफडी नको असतात, ते पार्श्वभूमी धूसर करून टाकतात. शहरवाल्यांना नेमकी तीच हवी असते. जेट्टी एक, गर्दी एक, दोन्ही गटांची तक्रार मात्र उलटसुलट.

तिसरा चेहरा पाहायचा तर वरळीच्या बाजूला जायला हवं. वांद्रे-वरळी सागरी सेतू ३० जून २००९ रोजी खुला झाला आणि तारांच्या त्या त्रिकोणांनी बघता बघता गेटवेची जागा घेतली. वर्तमानपत्राला, बँकेच्या जाहिरातीला, मालिकेतल्या 'काही दिवसांनंतर' या दृश्याला आता तोच लागतो. सेतू साडेपाच किलोमीटर लांब, पण त्यावर पायी जाता येत नाही आणि गाडी थांबवता येत नाही. तो बघायचा दुरून. एक जागा वांद्रे रेक्लमेशनची, तिथून सेतूमागे वरळी-प्रभादेवीचे टॉवर रांगेने येतात. दुसरी पोर्तुगीजांच्या वांद्रे किल्ल्याची. तिसरी वरळी कोळीवाड्यातून वर किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेची. ही सर्वात जवळची आणि सर्वात अवघड, कारण ती कुणाच्या तरी ओट्यावरून, वाळत घातलेल्या जाळ्यांच्या कडेने आणि झोपलेल्या कुत्र्याला ओलांडून जाते.

पहाटे येणाऱ्या फोटोवाल्यांच्या मोबाइलमध्ये भरती-ओहोटी सांगणारं ॲप असतं, कारण खडक उघडे असले तर एक फोटो आणि पाणी कठड्याला लागलं असलं तर दुसरा. कोळीवाड्यात ॲपची गरज पडत नाही. तिथला हिशेब तिथीचा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. दोन्ही पद्धतींचं उत्तर साधारण एकच येतं, फक्त दुसऱ्या पद्धतीला बॅटरी लागत नाही. या किनाऱ्याशी कोळ्यांचा संबंध फोटोपुरता नाही, हे सांगायला नको. किनारी रस्त्याच्या पुलाचे खांब वरळीच्या पाण्यात उभे राहणार म्हटल्यावर त्यांनी होड्यांना वाट हवी म्हणून काम अडवलं, आणि दोन खांबांमधलं ठरलेलं ६० मीटरचं अंतर शेवटी १२० मीटर करावं लागलं. आज त्या पुलाचे फोटो घेताना खांबांमध्ये जी ऐसपैस मोकळी जागा दिसते, ती भांडून मिळवलेली आहे.

आणि सागरी सेतूमागचे ते टॉवर? ते कुठेही उगवलेले नाहीत. परळ, लोअर परळ, वरळी, महालक्ष्मी इथे क्षितिज एकदम उसळतं आणि उत्तरेला विमानतळाच्या आसपास बसकं होतं. विमानतळाच्या परिसरात उंचीला बंधन आहे म्हणून तिकडे बसकं. इकडे उसळतं कारण इथे गिरण्या होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि बहुतेक गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्या नाहीत. पुढे नियम बदलले, जमिनी मोकळ्या झाल्या. श्रीनिवास मिलच्या जागी 'वर्ल्ड वन' उभा आहे, उंची २८० मीटर. राजाबाई टॉवर एकावर एक तीन ठेवले तरी उरेल इतका. गिरणगावाची आकाशरेषा पूर्वी चिमण्यांची होती आणि तिचे फोटो फारच थोड्यांनी काढले, कारण ती सुंदर आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. आता एखादी चिमणी मॉलच्या आवारात जपून ठेवलेली दिसते, आणि तिच्यासमोर फोटो काढायला रांग लागते.

ताडदेवच्या 'इम्पीरियल' या जोड मनोऱ्यांचे फोटो पाहताना एक गोष्ट लक्षात येते: त्यांचे पाय कधी दिसत नाहीत. अडीचशे मीटरच्या या इमारती झोपडपट्टी पुनर्वसनाच्या जमिनीवर आहेत आणि मूळ रहिवाशांच्या बुटक्या इमारती त्यांच्या पायथ्याशीच आहेत. फोटोवाला लांबून, उंचावरून, भिंगाने जवळ ओढून फोटो घेतो. खालचा एक तृतीयांश भाग आपोआप कापला जातो. आकाशरेषा म्हणजे कंबरेच्या वरचं शहर. ही सोय आहे, आणि ती फारच थोड्यांना खुपते.

उंचावरून म्हणजे कुठून? गच्चीवरून. आणि गच्ची कुणाची? सोसायटीची. सेक्रेटरींना भेटा, अर्ज द्या, कमिटीची मीटिंग कधी ते विचारा. ओळख असेल तर किल्ली मिळते, तीही 'टाकीवर चढू नका' या बोलीवर. हेलिकॉप्टरमधून फोटो काढणाऱ्यांना ही कटकट नाही, डॉ. जहांगीर सोराबजी या पेशाने डॉक्टर असलेल्या छायाचित्रकाराने आकाशातून घेतलेल्या मुंबईच्या फोटोंचं 'अबव्ह बॉम्बे' हे पुस्तक केलं आणि लोकांनी आपापली घरं त्यात शोधली. आता ड्रोन आहेत, पण मुंबईत ते उडवणं म्हणजे आ बैल मुझे मार. विमानतळ, नौदल, आणि वरून पोलिसांचे वेळोवेळी निघणारे बंदी आदेश.

गच्ची मिळाली, किल्ली मिळाली, तरी हवा मिळेलच असं नाही. पाऊस ओसरल्यानंतरचे दिवस सर्वात स्वच्छ; आदल्या रात्री सर पडून गेली असेल तर थेट क्षितिजापर्यंत दिसतं. मग थंडी येते आणि धुरकं बसतं. समुद्रावरचा वारा मंदावला की बांधकामांची धूळ जागच्या जागी लटकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पालिकेने धुळीबद्दल २७ कलमी नियमावली काढली. उंच इमारतींच्या कामाभोवती ३५ फुटी पत्रे, हिरवं कापड, पाण्याचा फवारा. नवे टॉवर बांधताना उडालेल्या धुळीत जुने टॉवर दिसेनासे होतात, अशी ही तऱ्हा. पत्र्यांमुळे रस्त्यावरून दिसायचं तेही दिसत नाही.

जुना फोटो कोणत्या वर्षीचा, हे ओळखायला इमारतींपेक्षा किरकोळ गोष्टी कामी येतात. चौकात साधी, बिगर-वातानुकूलित डबल डेकर दिसली की फोटो सप्टेंबर २०२३ पर्यंतचा. पद्मिनी टॅक्सी असेल तर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंतचा. त्या दोन महिन्यांत जाणाऱ्या बसमागे आणि टॅक्सीमागे कॅमेरे धावत होते. मरीन ड्राइव्हचे दिवे पांढरेफटक असतील तर २०१५ च्या सुमाराचा: पिवळ्या सोडियम दिव्यांच्या जागी एलईडी लावले आणि 'राणीचा हार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या दिव्यांच्या रांगेचं सोनं उतरलं म्हणून एवढी ओरड झाली की प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं, पुढे पिवळसर छटा परत आली. विजेची बचत एका पारड्यात आणि फोटोतला रंग दुसऱ्या पारड्यात, आणि रंगाने बाजी मारली, असं सहसा होत नाही.

तो हार नीट दिसतो मलबार हिलवरून. तिथलं नाझ कॅफे ज्यांना आठवतं ते अजून हळहळतात. एका चहाच्या बोलीवर चौपाटीपासून नरिमन पॉइंटपर्यंतचा अख्खा बाक डोळ्यांपुढे. ते बंद झालं. कमला नेहरू पार्कातून तेच दृश्य झाडांच्या फटींतून दिसतं. २०२५ मध्ये जवळच झाडांमधून जाणारा अर्धा किलोमीटरचा उंच लाकडी मार्ग झाला, तिथून चौपाटी पुन्हा सापडली. दादरला चैत्यभूमीजवळ आणि गिरगाव चौपाटीवर २०२२ च्या सुमारास दर्शक गॅलऱ्या झाल्या. पालिकेला उशिरा का होईना, बघण्यासाठीही जागा लागते हे पटलेलं दिसतं.

अटल सेतूवर ते पटलं नाही, आणि पटायचं कारणही नाही, २१.८ किलोमीटरच्या वेगवान पुलावर थांबणं जिवावर बेतणारं. तरी सेतू सुरू झाल्याच्या पहिल्याच दिवसांत लोक गाड्या कडेला लावून, कठड्यावर चढून फोटो काढत होते आणि पोलीस दंडाच्या पावत्या फाडत होते. किनारी रस्त्याचंही तेच. मार्च २०२४ मध्ये त्याचा पहिला टप्पा उघडला आणि मुंबईचा एक नवाकोरा कोन मिळाला, तो ताशी ऐंशीच्या वेगाने काचेतून. मागच्या सीटवरची मुलं तो मोबाइलवर टिपतात. निम्म्या व्हिडिओंत कठडाच असतो.

त्या रस्त्याच्या समुद्राकडच्या कडेला पाच किलोमीटरहून लांब विहारपथ आहे. तो ऑगस्ट २०२५ मध्ये लोकांसाठी खुला झाला, भुयारी वाटेने पलीकडे जायचं. सावली कमी, दुपारी जाण्यात अर्थ नाही. पण तिथे पोचल्यावर समुद्राकडे पाठ करावी आणि शहराकडे तोंड. ब्रीच कँडी, हाजी अली, वरळी ही सगळी ओळ पाण्याच्या बाजूने, समोरून दिसते. हा कोन पूर्वी होडीवाल्यांचा होता. या इमारतींतल्या समुद्राकडच्या खिडक्यांना पिढ्यान्‌पिढ्या जादा दर लागला, जाहिरातीत 'अडथळाविरहित सागरदर्शन' असे शब्द आले. आता त्या खिडक्या आणि समुद्र यांच्यामध्ये आठ पदरी रस्ता आहे, आणि रविवारी संध्याकाळी रस्त्यापलीकडे भेळ खात उभी असलेली माणसं त्याच खिडक्यांचे, दिवे लागायची वाट पाहून, फोटो काढत असतात.